साडेनऊचा खेळ, कँटन, मिशिगन

खेळ सुटला तेव्हा बाहेर शून्य होतं,
फॅरनहाइटमधलं, म्हणजे चेष्टेतलं नव्हे.
आम्ही सातजण पॉपकॉर्नच्या बंद काउंटरपाशी
गाड्या गरम व्हायची वाट बघत थांबलो.
दोनशे खुर्च्यांतली सात माणसं.
तो अजून डोळ्यांसमोर लटकत होता:
रोपवेचा डबा, खाली दरी, पाच दिवस,
आणि मांडीवर कुणाच्या तरी साखरपुड्याच्या पेढ्यांचं खोकं.

खांबेटे ब्रेकच्या कारखान्यात आहेत.
म्हणाले, "अशी केबल एकदम अडकत नसते हो,
आधी महिनाभर कुरकुरते.
दिग्दर्शकानं एखाद्या इंजिनिअरला चहा पाजायचा होता."
"आणि फोन? दोन टक्क्यांवर चाळीस मिनिटं?
माझा वीसवरच मान टाकतो," हे पंकिलचं.
त्याची बायको म्हणाली, मला रडू आलं,
आणि लगेच माफी मागितल्यासारखी हसली.
कारखानीसबाईंना नायकच पटला नाही.
"दाढी वाढली, नखं नाही वाढली.
आणि पहिला फोन आईला!
बायको काय खाली पार्किंगमध्ये उभी होती?"
रेड्डींच्या मुलाला मध्यंतर हवं होतं.
अडकलेल्या माणसासाठी नव्हे, स्वतःसाठी.

मी म्हणाले, लांबलं जरा.
खरं तर सांगायचं होतं
की तो पेढ्याचा अर्धा भाग मोडून घेतो
आणि उरलेला अर्धा, बोटं चाटायच्याही आधी,
कागदात परत गुंडाळतो,
तिथं मी हातातलं पॉपकॉर्न खाली ठेवलं होतं.
पण असलं काही उभ्याउभ्या कोण बोलतं.
लांबलं जरा. सगळ्यांनी माना डोलावल्या.

सातवा जगतार. ट्रक चालवतो, एकटाच येतो,
शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसतो.
खांबेट्यांनीच विचारलं, तुम्हाला कसा वाटला?
त्यानं एक हातमोजा काढला, परत घातला.
"ठीक आहे. फक्त ओरडतो फार."

मग कुणाला रस्ता सांगावा तसं सांगत गेला.
वायोमिंग. चार वर्षांमागची गोष्ट.
हायवे बंद, बर्फ दाराच्या कडीपर्यंत,
तीन रात्री. मागे अठरा टन दही.
"पहिल्या रात्री मीही ओरडलो.
दुसऱ्या रात्री लाज वाटली.
मग हिशेब करत बसलो, कुणाचं काय द्यायचंय.
नेब्रास्कात एका पंपवाल्याचे अकरा डॉलर राहिलेले.
मुलीचा चेहरा आठवायला गेलो
तर तो पंपवालाच यायचा."

"पण दही होतं ना?" रेड्डींचा मुलगा.
"सील होतं. कंपनीचं."
"मग?"
"तिसऱ्या दिवशी तोडलं. स्ट्रॉबेरी.
चौदा डबे. पगारातून कापून घेतले."

केबलीबद्दलचं आणखी काहीतरी
खांबेट्यांच्या ओठांपर्यंत आलं होतं, ते मागे फिरलं.
डेनिस फरशी पुसत पुसत
आमच्या बुटांपर्यंत पोचली, थांबली,
मग बुटांभोवतीनं पुसू लागली.
कारखानीसबाई हळूच म्हणाल्या,
"अकरा डॉलर दिलेत ना पण?"
"गेलो होतो. पंप पाडला होता."
एवढं बोलून त्यानं टोपी कानांवर ओढली
आणि दार ढकललं. थंडी आत आली,
तो बाहेर गेला, अदलाबदल झाल्यासारखी.

फोर्ड रोडच्या सिग्नलला मी एकटीच.
चारी बाजूंनी कुणी नाही, तरी लाल होता म्हणून थांबले.
हीटरचा आवाज. काचेवर आतून धुकं.
वरणगावच्या शिंप्याचे साडेतीनशे,
ब्लाउज नेले, पैसे उद्या देते म्हणाले, पहाटेचं विमान.
प्रमिलाचा चाळणीचा संच.
लॅबमधल्या हो-जिनला शब्द दिला होता
बाळ बघायला येईन, ते बाळ आता शाळेत जातं.
आक्काला एक पत्र.
आक्काला

मागून हॉर्न वाजला.
हिरवा कधी झाला होता कोण जाणे.
आरशात बघितलं, खांबेटे.